सविनय आभार, पुढील कार्यवाहीस्तव

मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनात आभारप्रदर्शन या विधीचे स्थान कार्यक्रमपत्रिकेच्या अगदी तळाशी, म्हणजे श्रोत्यांनी चपला शोधावयास प्रारंभ केल्यानंतर आणि सतरंज्या गुंडाळणाऱ्यांनी पहिल्या सतरंजीचे टोक हाती घेतल्यानंतर, अशा सुमुहूर्तावर असते. आणि या विधीसाठी कार्यकारी मंडळातील ज्या सभासदाची योजना झालेली असते, तो बहुधा असा असतो की, ज्याच्यावर प्रास्ताविक सोपविता येत नाही, पाहुण्यांचा परिचय सोपविता येत नाही, आणि काहीच न सोपविल्यास जो पुढील वर्षाची वर्गणी देत नाही. हा गृहस्थ सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढतो, ध्वनिक्षेपकवाले, मंडपवाले, सभागृह अल्प दरात उपलब्ध करून देणारे विश्वस्त, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी (जे आलेले नसतात) आणि ज्ञात-अज्ञात हितचिंतक यांची नामावळी एका दमात वाचतो, व प्रमुख वक्त्यांच्या नावापाशी येताच, त्यांचे आभार मानून ऋणमुक्त होण्यापेक्षा त्यांच्या ऋणातच राहणे आम्ही पसंत करू, असे जाहीर करून मोकळा होतो. या वाक्यातील व्यवहारचातुर्य परक्याच्या ध्यानी यावयाचे नाही. मानधनाचे पाकीट किती पातळ आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ऋणात राहण्याची भाषा इतक्या प्रसन्न मुद्रेने बोलता येते.

घरगुती व्यवहारात तर आभारांना उंबरठ्याच्या आत प्रवेशच नाही. ताटात तिसरी पोळी पडली म्हणून आईचे आभार मानणाऱ्या मुलाच्या कपाळाला हात लावून प्रथम ताप पाहिला जाईल, आणि ताप नाही असे ठरल्यावर, स्वारीला पैसे हवे आहेत की काय, याची चौकशी होईल. एवढ्यावरून आमच्या ठायी कृतज्ञताबुद्धीच नाही असे मात्र कोणी समजू नये. ती आहे, फक्त तिचा हिशेब निराळ्या वहीत ठेवला जातो. निकाल लागला, नेमणुकीचा हुकूम हाती पडला, रुजू झाल्याचा अहवाल गेला, पहिला पगार झाला, म्हणजे मग ज्याने आपल्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकला त्याच्या घरी पेढ्यांचा पुडा घेऊन जावयाचे, पुडा त्याच्या हाती न देता देवापुढे ठेवावयाचा, वाकून नमस्कार करावयाचा, आणि 'तुमच्यामुळेच झालं' हे वाक्य चहा येईपर्यंत राखून ठेवावयाचे, असा हा शिरस्ता आहे. फळ आधी, आभार मागाहून. आणि आभार म्हणजे शक्यतो तराजूत घालता येईल अशी वस्तू.

अशा परंपरेत वाढलेल्या आमच्या तरुण पिढीवर अलीकडे असा प्रसंग गुदरला आहे की, नोकरीची मुलाखत देऊन घरी यावे, पायांतले बूट काढण्यापूर्वी संगणक उघडावा, आणि ज्यांनी नोकरी दिलेली नाही, देऊ असेही म्हटलेले नाही, किंबहुना 'आम्ही कळवू' एवढ्याच मजकुरावर ज्यांनी वाटेला लावले, त्यांचे चोवीस तासांच्या आत लेखी आभार मानावेत.

हा रिवाज मूळचा अमेरिकेचा. त्या देशातील सभ्य समाजात आभारपत्रांचे प्रस्थ जुनेच आहे. एमिली पोस्ट या विदुषीने १९२२ साली शिष्टाचारावर जो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आहेराबद्दल वधूने आणि दोन दिवसांच्या पाहुणचाराबद्दल पाहुण्याने यजमानिणीस पत्र कसे लिहावे, याचाही ऊहापोह आहे. आमच्याकडेही गावी परतलेला पाहुणा पत्र टाकीत असे, नाही असे नाही; परंतु त्यात गाडीत बसावयास जागा मिळाली, इकडे पाऊस नाही, आणि घाईत तुमची छत्री आमच्याबरोबर आली आहे ती कोणाबरोबर तरी पाठवितो, एवढाच ऐवज असे, व यजमानीणही छत्री आल्याखेरीज त्या पत्राचा विचार करीत नसे. पाहुणचाराचे हे पत्र नोकरीच्या दारात नेऊन उभे करण्याची शिकवण ज्यांनी हिरिरीने दिली, त्यांत रिचर्ड बोल्स यांची गणना करावी लागेल. हे गृहस्थ धर्मोपदेशक होते. १९६८ च्या सुमारास चर्चच्या काटकसरीत त्यांची जागा गेली, आणि ज्याची देवाच्या दारची नोकरी गेली त्यानेच इतरांस नोकरी मिळविण्याचा मार्ग दाखवावा या न्यायाने त्यांनी १९७० साली एक मार्गदर्शिका स्वतःच छापून काढली. 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' हे तिचे नाव. १९७२ पासून ती प्रकाशकाकडून निघू लागली आणि पुढे तिच्या एक कोटीच्या वर प्रती खपल्या, यावरून त्या समृद्ध देशातही नोकरी शोधणारांची पैदास कमी नाही, हे दिसून येते. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकास आभारपत्र गेलेच पाहिजे, फार काय, आपल्याला सोफ्यावर बसा म्हणून सांगणाऱ्या बाईसही विसरू नये, असा या सत्पुरुषाचा कटाक्ष होता.

तेव्हापासून या विषयाचे एक शास्त्रच बनले आहे. पत्र चोवीस तासांच्या आत जावे, पण कंपनीच्या उद्वाहनातून खाली उतरता उतरता जाऊ नये, कारण त्यात अधीरता दिसते. प्रत्येकास निराळे पत्र असावे. मुलाखतीत निघालेल्या एखाद्या विशिष्ट विषयाचा त्यात उल्लेख असावा, म्हणजे उमेदवार शुद्धीवर होता अशी वाचणाराची खात्री पटते. पत्र आखूड असावे, लाचार नसावे, पण आपण या जागेसाठी किती उत्सुक आहो हे त्यातून कळावे. थोडक्यात, तो अर्जच असावा, परंतु अर्जासारखा दिसू नये. हे शेवटचे कलम वाचल्यावर या शास्त्राविषयी माझा आदर दुणावला.

याचे कारण असे की, माझी हयात जिल्हा कचेरीत अव्वल कारकून म्हणून गेली, आणि तेथे मुलाखतीनंतरच्या कृतज्ञतेकडे अगदी निराळ्या कलमाखाली पाहिले जात असे. सरकारी भरतीच्या जाहिरातीत अर्हता, वयोमर्यादा, आरक्षण आणि शुल्क हे सर्व सांगून झाल्यावर, कोणत्याही प्रकारे शिफारस अथवा दडपण आणणारा उमेदवार अपात्र ठरेल, अशी एक ओळ तळाशी असते, आणि जाहिरात वाचणाऱ्या बापाची नजर नेमकी तिच्यावरच अडखळते, कारण शिफारस कोणाची आणावी हा विचार त्याच्या मनात नुकताच डोकावू लागलेला असतो. संघ लोकसेवा आयोगाच्या नियमांतही आपल्या उमेदवारीस कोणत्याही मार्गाने पाठिंबा मिळविणे हे गैरवर्तनच गणलेले आहे. तेथील व्यक्तिमत्त्व चाचणीस २७५ गुण आहेत, परंतु घरी गेल्यावर लिहिलेल्या पत्रास एकही नाही. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमधून वर्षानुवर्षे तपश्चर्या करणारा उमेदवार मंडळासमोरून उठताना खुर्चीचा आवाज न करता अध्यक्षांस आणि सभासदांस एक समाईक नमस्कार करतो, दाराशी पुन्हा वळावे की न वळावे याचा त्याने सराव केलेला असतो तेवढे करतो, आणि तेथे त्याची कृतज्ञता संपते. हाच उमेदवार त्या रात्री, मान्सूनवरील आपला प्रश्न मला फार उद्बोधक वाटला, असे अध्यक्ष महाशयांच्या घरच्या पत्त्यावर लिहील, तर त्या पत्राचे पुढे काय होईल याची कल्पना मी करू शकतो. त्यावर टिपणी निघेल. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या वर्गांतील आणि अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, त्यामुळे त्या पदांपुरता आभारांचा प्रश्न समूळ निकालात निघाला. पेढ्यांचेही तेच. हुकूम निघण्यापूर्वी साहेबांच्या घरी पोहोचलेला पाव किलोचा पुडा ही लाच आणि हुकुमानंतर पोहोचलेला तोच पुडा हा आनंद, अशी कचेरीतील सर्वमान्य समजूत होती. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे मत याहून कडक आहे, परंतु तो कायदा करणारांच्या डोळ्यांपुढे पेढे नसावेत.

आता एकाच घरात थोरला स्पर्धा परीक्षेस बसलेला आणि धाकटी संगणकाच्या कंपन्यांतून हिंडणारी, अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी आढळते. थोरल्याने आभार मानले तर तो अपात्र, आणि धाकटीने न मानले तर ती असंस्कृत. आईने दोघांना एकच वळण कसे लावावे?

माझ्या भगिनीच्या घरी हीच अवस्था आहे, आणि म्हणून गेल्या पावसाळ्यात माझी भाची हिंजवडीस मुलाखत देऊन आली, ती थेट माझ्याकडे आली. मुलाखतीचा वृत्तांत मी तिच्याकडून तपशीलवार काढून घेतला, कारण आभार कशाबद्दल मानावयाचे हे मसुदा करणाराला माहीत असावे लागते. हल्लीच्या कचेरीत दाढदुखीचे निमित्त सांगून तिने रजा घेतली होती. वाकडच्या पुलापाशी बस अर्ध्या तासावर उभी राहिली. फाटकावर तिचे छायाचित्र काढण्यात आले, लॅपटॉपचा क्रमांक नोंदवहीत उतरवून घेण्यात आला, आणि गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला अडकवून तिला एका अशा सोफ्यावर बसविण्यात आले की ज्यात बसलेला मनुष्य आपल्या गुडघ्यांकडे खालून पाहतो. अकराची वेळ दिलेली होती; बोलावणे सव्वाबारास आले. दरम्यान एका यंत्राने तिला कागदी पेल्यातून कॉफी दिली, जी तिने निम्मी प्यायली, कारण तेवढ्यात कोणी बोलावील ही भीती. आत तीन परीक्षक होते. एक मनुष्यबळ विभागातील तरुणी, जिने पाच वर्षांनंतर तू स्वतःला कोठे पाहतेस असे विचारले. दुसरे एक दाढीधारी गृहस्थ, ज्यांनी दोन तांत्रिक प्रश्न टाकले आणि उत्तरे चालू असताना भ्रमणध्वनीकडे पाहिले. आणि तिसरे बंगळुरूहून पडद्यावर आलेले, पण त्यांनी कॅमेरा बंद ठेवल्याने एका जांभळ्या वर्तुळातील दोन अक्षरे एवढेच त्यांचे दर्शन घडले. त्या दोन अक्षरांनी अखेरीस 'आय ॲम गुड' असे म्हटले, म्हणजे त्यांना विचारण्यासारखे काही नव्हते.

"मामा, तिघांनाही थँक यू मेल पाठवायचाय, आणि तिन्ही वेगळे हवेत," ती म्हणाली. "तू आयुष्यभर पत्रंच लिहिलीस ना?"

मी लिहिली होती, आणि ती कशी लिहिली होती हे तिला दाखविण्याची संधी मी सोडली नाही. कागद घेऊन मी प्रथम समास पाडला, मग 'विषय' या शब्दापुढे 'दिनांक अमुक रोजी घेण्यात आलेल्या मुलाखतीबाबत आभार मानणेबाबत' असे लिहिले, 'संदर्भ' म्हणून कंपनीचा दूरध्वनी घातला, आणि उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, संदर्भाधीन मुलाखत विहित स्थळी पार पडली असून त्यायोगे उमेदवारास आपली बाजू मांडण्याची संधी उपलब्ध झालेली आहे, सबब याची नोंद घेण्यात येऊन पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर, असा मजकूर उतरविला. खाली 'आपली विश्वासू' आणि त्याखाली तिघांस प्रती.

भाचीने ते दोनदा वाचले. "मामा, यात आभार कुठे आहेत?"

"विषयात आहेत."

"आणि मजकुरात?"

विषयात एकदा आलेली गोष्ट मजकुरात पुन्हा सांगणे हे कच्च्या कारकुनाचे लक्षण होय, हे मी तिला समजावून सांगितले, परंतु तिच्या पिढीला कचेरीचे संस्कार नसल्याने ते तिच्या पचनी पडले नाही.

वस्तुतः आभारांच्या आडून आर्जव पुढे सरकविण्याची कला महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकण्याचे काहीच कारण नव्हते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावावर जी मेस्तके सांगतात, त्यांत पत्रव्यवहाराचे नियम घालून दिलेले आहेत. कोणास कोणता मायना, कोणास विज्ञापना आणि कोणास नुसता आशीर्वाद, याच्या पायऱ्या आमच्याकडे पक्क्या ठरलेल्या होत्या. पेशवाईतील कारकून वरिष्ठास पत्र लिहावयास बसला, म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार घालावयाचा, येथील क्षेम कळवावयाचे, स्वामींचे क्षेम विचारावयाचे, स्वामींच्या प्रतापे इकडील बंदोबस्त यथास्थित आहे असे दोन-चार ओळींत सांगावयाचे, आणि मग कागद संपत आला असता, शिबंदीचा पगार चार महिन्यांचा थकला आहे, ही गोष्ट जणू आता आठवली अशा थाटात नमूद करून, बहुत काय लिहिणे, कृपा असो द्यावी, हे विज्ञापना, म्हणून हात जोडावयाचे. वाचणाऱ्यासही हे ठाऊक असल्याने तो पत्र शेवटाकडून वाचीत असावा. अमेरिकी आभारपत्राचा सांगाडा यापरता निराळा नाही. त्यांचा मायना आखूड, एवढाच भेद.

आणखी एक गोष्ट आमच्या पूर्वजांनी ओळखली होती. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी एक लहान मुद्रा उमटविलेली असते. मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही वाढवू नये, हा त्या मुद्रेचा हेतू. मुलाखतीच्या आभारपत्रास या मुद्रेची जेवढी गरज आहे, तेवढी सनदेसही नसेल, कारण आभार मानून झाल्यावर उमेदवारास काहीतरी वाढविल्याशिवाय राहवत नाही. माझ्या भाचीला त्या दाढीधारी गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर परतीच्या बसमध्ये, वाकडच्याच पुलावर, सुचले होते. आणि आभारांच्या खाली ताजा कलम म्हणून ते बारा ओळींचे उत्तर घालावे असा तिचा हट्ट होता. राहून गेलेले उत्तर आभारपत्रातून देण्यास तिकडच्या शास्त्राचीही मुभा आहे म्हणे. माझे म्हणणे पडले की, ज्या परीक्षकाने चुकीचे उत्तर ऐकलेच नव्हते, त्याला बरोबर उत्तर पाठविणे म्हणजे चूक झाली होती हे त्याला प्रथमच कळविणे होय. हे मात्र तिला पटले.

मला यातील एकच कलम मनापासून खटकते, आणि ते म्हणजे 'आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल'. तिघा परीक्षकांचा वेळ अमूल्य नव्हता. त्याचे मूल्य दरमहा त्यांच्या खात्यात जमा होत होते, आणि परीक्षा घेणे हे त्या दिवशीचे त्यांचे कामच होते. फुकट गेला असेल तर तो भाचीचा वेळ, आणि त्यातही रजा बिनपगारी. व्यवहाराच्या कोणत्याही वहीत ही बाकी त्यांच्या नावावर निघावी. परंतु नोकरी मागणारा आणि नोकरी देणारा यांच्यामध्ये उपकारांचे पाणी नेहमी खालून वर वाहते, आणि ते तसे वाहविण्यासाठीच हा पंप बसविलेला आहे.

माझा मसुदा नामंजूर झाल्यावर भाचीने चॅटजीपीटी या नवीन कारकुनास पाचारण केले. या कारकुनाविषयी माझ्या मनात मत्सर नाही, पण त्याला समास पाडता येत नाही हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याने तीन पत्रे काढून दिली. मनुष्यबळाच्या तरुणीस, कंपनीच्या कार्यसंस्कृतीचे आपण केलेले विवेचन अत्यंत प्रेरक होते. दाढीधारी गृहस्थांस, आपल्याशी झालेल्या सखोल तांत्रिक चर्चेने माझी क्षितिजे विस्तारली. आणि जांभळ्या वर्तुळास, आपल्या दूरदृष्टीने मी प्रभावित झाले. ज्याने कॅमेरा उघडला नाही त्याच्या दृष्टीविषयी हे विधान करण्यास मी हरकत घेतली, पण ती फेटाळण्यात आली. पत्ते मिळविण्याचे काम त्याहून बिकट होते. मुलाखतकारांचे पत्ते उमेदवारास कोणी देत नाही, तेव्हा आधी नाव, मग बिंदू, मग आडनाव, पुढे कंपनीचे नाव, असा अदमास बांधून पत्र सोडावयाचे आणि परत आले नाही म्हणजे पोहोचले असे समजावयाचे. दाढीधारी गृहस्थांचे आडनाव इंग्रजीत एका 'ए'चे की दोन 'ए'चे, यावर घरात पाऊण तास खल झाला. ताईने तेवढ्यात पंचांग पाहून राहुकाळ साडेचारास संपतो असे सांगितले. चार वाजून एकतीस मिनिटांनी तिन्ही पत्रे रवाना झाली.

ती गेल्यानंतर ध्यानात आले की, बंगळुरूच्या पत्रात मायन्याच्या जागी चौकटी कंसात 'येथे मुलाखतकाराचे नाव लिहावे' ही यंत्राची सूचना तशीच राहिली आहे. भाचीच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु मला त्यात विशेष काही वाटले नाही. आमच्या कचेरीतील छापील नमुन्यांवर 'श्री./श्रीमती/कुमारी (लागू नसेल ते खोडावे)' असे असे, आणि खोडण्याइतकी फुरसद कोणासच नसल्याने एकच खातेदार तिन्ही अवस्थांत नोटिसा घेत असे. कोणी तक्रार केल्याचे दफ्तरी नमूद नाही. शिवाय ज्याने नाव दाखविले नाही त्याला नाव न घालता पत्र जावे, हे न्यायालाही धरूनच होते.

पत्र घेणाऱ्या बाजूची हकिकत मला माझ्या एका स्नेह्यांकडून कळली. हे स्नेही एका मोठ्या कारखान्यात माणसे निवडण्याच्या कामावर निवृत्तीपर्यंत होते. त्यांच्या मते आभारपत्रांचा उपयोग एकच: पत्र आल्याने उमेदवाराचे नाव पुन्हा एकदा डोळ्यांखालून जाते, आणि चेहरा आठवला नाही तर बिचाऱ्याचे नुकसानही होते. साऱ्या नोकरीत त्यांच्या स्मरणात राहिलेले पत्र म्हणजे एका जोडारी उमेदवाराचे पोस्टकार्ड. त्यात आभारांचा शब्दही नव्हता. मुलाखतीच्या वेळी साहेबांच्या डोक्यावरील पंखा खरखरत होता, त्याचे बेअरिंग गेले आहे, वंगण घालून भागणार नाही, बदलून घ्यावे, एवढाच मजकूर, खाली सही आणि घरचा पत्ता. साहेबांनी विजेच्या खात्याकडून तपास करविला. बेअरिंग खरोखरच गेले होते. पुढल्या सोमवारी ते त्याच उमेदवाराने बदलले. मी ही हकिकत भाचीला सांगितली, तेव्हा तिने, त्या कंपनीतील कॉफीच्या यंत्रात काही दोष होता काय, हे आठवून पाहिले.

पंधरवड्याने कंपनीचे उत्तर आले, आणि ते पाहून मला त्या मंडळींचे कौतुकच वाटले. पहिल्याच ओळीत त्यांनी भाचीचे आभार मानले होते: आमच्या संस्थेविषयी आपण दाखविलेल्या आस्थेबद्दल, आणि दिलेल्या अमूल्य वेळाबद्दल. वेळ तिचा गेला हे त्यांनी अखेर मान्य केले, ही माझ्या मते मोठीच प्राप्ती होती. दुसऱ्या परिच्छेदात अर्जदारांची गुणवत्ता यंदा फार उच्च असल्याचे सांगितले होते, आणि तिसऱ्यात पुढील वाटचालीस शुभेच्छा. नोकरी मिळाली नाही असे कोठेही म्हटलेले नव्हते. ते आम्ही शेवटाकडून वाचून काढले.

आता प्रश्न असा उपस्थित झाला की, या पत्राबद्दल त्यांचे आभार मानावयाचे काय? तिकडचे शास्त्र सांगते की, नकारासही आभारपत्र गेले पाहिजे, कारण ज्याला घेतले तो न टिकल्यास दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचे नाव निघू शकते. ताईचे मत पडले की, अशा लोकांना एक शब्दही कळवू नये. मी माझ्या जुन्या सवयीप्रमाणे पत्राच्या छापील प्रतीवर समासात 'पाहिले, दफ्तरी दाखल करावे' असा शेरा मारून दिला, परंतु भाचीने तरीही दोन ओळी लिहून धाडल्याच, आणि त्या अर्ध्या मिनिटात परत आल्या. हा पत्ता केवळ पत्रे पाठविण्यासाठी असून त्यावर आलेला मजकूर वाचला जात नाही, असा खुलासा सोबत होता.

तिची पुढची मुलाखत येत्या गुरुवारी खराडीस आहे. आभारपत्र तिने माझ्याकडून आजच करून घेतले आहे, म्हणजे आयत्या वेळी धावपळ नको, आणि ही व्यवस्था कचेरीच्या कोणत्याही शिरस्त्याहून मला अधिक कार्यक्षम वाटते. समास पाडला आहे, मायना घातला आहे, उत्सुकता दर्शविली आहे, सहीची जागा ठेवली आहे. आभार कशाबद्दल, तेवढी दीड ओळ मी कोरी सोडली असून ती शुक्रवारी राहुकाळ टळल्यावर भरावयाची आहे.